मालकांचा डावा डोळा

"हं, आता वाचा. वरून चौथी ओळ."

नवऱ्याने चौथी ओळ घडाघडा वाचली. पाचवीही वाचली. सहावीचं शेवटचं अक्षर तोंडातून बाहेर पडायच्या आतच तो खुर्चीतून उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली. "पाठ केलंय तुम्ही."

"पाठ कशाला करू? दिसतंय म्हणून वाचलं."

लग्नाआधीपासून ती या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी तो तिला न्यायला यायचा आणि शेवटचं गिऱ्हाईक निघेपर्यंत समोरच्या बाकावर बसून याच तक्त्याकडे बघत राहायचा. इतक्या वर्षांत त्याला तो पाठ झाला नसता तरच नवल. तिने तक्ता उतरवला, खणातून आकड्यांचा दुसरा तक्ता काढला आणि खिळ्याला अडकवला. उजव्या डोळ्यावरची काळी चकती तशीच ठेवली.

नवऱ्याने डोळा बारीक केला. मग "तीन," म्हणाला. मग "आठ... का तीनच?"

तो पाच होता, आणि चांगला तळहाताएवढा मोठा होता.

"आणि ती दाराची चौकट कशी दिसते?"

"मधेच पोट सुटल्यासारखी," तो हसत म्हणाला. "माझ्यासारखीच."

तिला हसू आलं नाही. गेला महिनाभर तो पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर ओतत होता. म्हणून तर आज तिने त्याला जबरदस्तीने खुर्चीत बसवलं होतं. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा डोळा गोलंदाजाच्या बाजूला असतो, एवढं तिला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं होतं.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली.

"जाऊ. पण हे कुणाला कळता कामा नये. दादांना तर अजिबात नाही."

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ.

शहरात तिच्या नवऱ्याला सगळे मालक म्हणत. त्याने कव्हरमधून फटका मारला की क्षेत्ररक्षक पळायचेच नाहीत. ती बाजू त्याच्या मालकीची आहे, असं स्टँडमधून कुणीतरी ओरडलं आणि नाव चिकटलं. दुकानात येणाऱ्या बायका तिला चिडवायच्या, "तुमचं बरं आहे हो! सगळ्या शहराचा मालक तुमच्या घरी भांडी विसळतो." आणि तो खरंच विसळायचा. देशासाठी तो कधी खेळला नाही. एकदा नाव निघता निघता राहिलं, त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. दिवसा तो एका गोदामात माल मोजून घ्यायचा, संध्याकाळी सराव करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी क्लबसाठी खेळायचा. चाळिशी जवळ आली तरी हे थांबलं नव्हतं. त्याला थांबायचं तरी कुठे होतं? यंदा क्लबला शंभर वर्षं पूर्ण होत होती. शताब्दीच्या सामन्यात त्याने कप्तान व्हायचं आणि नंतर क्लबचा प्रशिक्षक म्हणून रुजू व्हायचं, असा शब्द सेक्रेटरींनी त्याला दिला होता. शहरभर पोस्टर लागली होती. त्यांवर बॅट उंचावलेला तोच होता, फक्त दहा वर्षांनी तरुण.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. पडद्याच्या मध्यभागी सूज आहे, ते म्हणाले. उतरेल किंवा उतरणारही नाही, आणि उतरली तरी पहिल्यासारखं दिसेलच असं नाही. "वेगवान चेंडूसमोर मात्र उभं राहायचं नाही," त्यांनी बजावलं. नवऱ्याने मान डोलावली, आणि त्या संध्याकाळी तो सरावाला गेला.

"आवाजावरून कळतं मला," तो तिला म्हणाला. "चेंडू हातातून सुटतो ना, तेव्हा अंदाज येतो. डोळ्यांनी काय, पोरंसोरं खेळतात."

सासूबाई जेवता जेवता म्हणाल्या, "मालक म्हणे! पेला दिसत नाही आणि चेंडू दिसणार आहे." तो उठून गेला.

पुढचे तीन सामने ती स्टँडमध्ये जीव मुठीत धरून बसली. एकदा तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला, एकदा थोडा टिकला. तिसऱ्या सामन्यात एक उसळता चेंडू आला. पूर्वी अशा चेंडूला तो नुसती मान बाजूला करायचा, जणू माशी आली. या वेळी मान हललीच नाही. चेंडू हेल्मेटच्या जाळीखालून आत घुसला आणि तो गुडघ्यावर बसला.

ती पॅव्हिलियनच्या मागच्या जिन्याने धावत वर गेली. आत क्लबचा डॉक्टर हनुवटीला टाके घालत होता आणि सेक्रेटरी शेजारी उभे होते. दार अर्धवट लोटलेलं होतं.

"मालक, यापुढे खालच्या क्रमांकावर या," सेक्रेटरी गोड आवाजात सांगत होते. "अगदी शेवटी आलात तरी चालेल. पण या. लोक तुम्हाला बघायला येतात. तुम्ही नुसते मैदानात चालत गेलात तरी आमचं काम झालं."

टाके घातलेल्या तोंडाने नवरा हसायचा प्रयत्न करत होता. ते हसू तिला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून परस्पर ती दादाकडे गेली.

दादा एके काळचा क्लबचा फिरकी गोलंदाज. एका बाजूने दिवसभर गोलंदाजी करायचा आणि दिवसभर बोलायचा. पंचांशी बोलायचा, फलंदाजाशी बोलायचा, कुणी नसलं तर चेंडूशी. निवृत्त झाल्यावर पाय थांबले, तोंड थांबलं नाही. शहराच्या रेडिओवर दर आठवड्याला त्याचा क्रिकेटचा कार्यक्रम असायचा आणि त्यात तो क्लबच्या कमिटीला सोलून काढायचा. तरी संध्याकाळी नेटमध्ये नव्या फिरकी गोलंदाजांना शिकवायलाही जायचा. कमिटी त्याला सहन करायची, कारण तो फुकट शिकवायचा आणि त्याच्याइतकं चांगलं शिकवणारा दुसरा कुणी नव्हता. "क्लबला मेलेले खेळाडू आवडतात," तो म्हणायचा. "ते बोलत नाहीत आणि फोटोत छान दिसतात."

तिने त्याला सगळं सांगितलं. तक्ता, चौकट, डॉक्टर, टाके. ऐकता ऐकता दादाचा चेहरा उतरला.

"आणि सेक्रेटरीला माहीत आहे?"

"माहीत नाही. पण काहीतरी कळलंय खास. दादा, आमचे हे तुझं ऐकतील. तू त्यांना एकट्याला गाठ, दोन शब्द समजुतीचे सांग. एवढंच कर. दुसरं काही नको."

"बरं, चिमणे," तो म्हणाला. अजूनही तो तिला चिमणेच म्हणायचा.

दादा गेला, पण आधी सेक्रेटरींकडे गेला. तिथे काय बोलणं झालं ते तिला नंतर कळलं. सेक्रेटरी म्हणाले होते, "दादा, तुमचे दिवस संपले म्हणून सगळ्यांचे संपले असं थोडंच आहे?" दादाच्या मस्तकात तिडीक गेली. तिच्या नवऱ्याला गाठायचं, समजुतीचे दोन शब्द सांगायचे, सगळं राहिलं. त्याच आठवड्यात तो रेडिओवर बोलला.

तेव्हा ती दुकानात एका आजींच्या नाकावर फ्रेम बसवत होती. रेडिओ नेहमीसारखा चालू होता. "आपल्या मालकाला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही," दादाचा आवाज आला. "क्लबला हे ठाऊक आहे. तरी पोस्टरसाठी त्याला वेगवान गोलंदाजांसमोर उभा करतायत. उद्या त्याच्या डोक्यात चेंडू बसला तर कोण जबाबदार? मी विचारतोय. उत्तर द्या."

फ्रेम तिच्या हातातच राहिली. "काय गं, काय झालं?" आजी विचारत होत्या.

घरी नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"चारच माणसांना माहीत होतं," तो म्हणाला. "डॉक्टर बोलणार नाही, आई बोलणार नाही. मी बोललो नाही."

"अहो, मी फक्त म्हटलं की तुम्हाला त्याने..."

"मी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे."

त्या दिवसापासून तो तिला न्यायला दुकानात येईनासा झाला. घरात सासूबाईंच्या मार्फत बोलणं चालायचं. "तिला सांग, मी बाहेर जेवणार आहे." सासूबाई कंटाळून म्हणायच्या, "इथेच तर बसलीय, तूच सांग की." तो सांगायचा नाही.

दादा दोनदा दारापर्यंत येऊन गेला. दोन्ही वेळा नवऱ्याने आतून कडी काढली नाही.

मग एके दिवशी दुपारी सेक्रेटरी दुकानात आले. चष्मा आधीच छान होता त्यांचा, तरी त्यांनी दोन-तीन फ्रेम चढवून बघितल्या.

"ताई, बसून बोलू का?" ते म्हणाले. "परवा आम्ही पत्रकारांना बोलावलंय. मालक सांगतील, डोळे ठणठणीत आहेत, मेहुणे रागाच्या भरात बोलले. लोकांना पटेल, नाही असं नाही. पण दादा तुमचे भाऊ. तुम्ही स्वतः डोळे तपासता. तुम्ही मालकांच्या शेजारी बसलात, एक वाक्य बोललात, तर विषय तिथल्या तिथे संपेल."

"आणि नाही बसले तर?"

"तर शताब्दीच्या सामन्यात त्यांना कसं घ्यायचं, याचा कमिटीला विचार करावा लागेल. आणि पुढचंही सगळंच." त्यांनी फ्रेम उतरवून नीट घडी घातली. "त्यांनी मला इथे यायला सांगितलं नाही हं. ते तुम्हाला विचारणारही नाहीत. पण त्यांना वाटत असणारच."

त्या रात्री तिने ताटं वाढली आणि सासूबाईंकडे न बघता सरळ नवऱ्याला म्हणाली, "परवा मी येते तुमच्याबरोबर."

त्याने मान वर केली. किती आठवड्यांनी त्याने तिच्याकडे पाहिलं. "खरंच?" तो म्हणाला. एवढ्या एका शब्दासाठी तिने दादाला विकलं, असं तिला तिथेच, भाताचा चमचा हातात असताना वाटलं. पण तो शब्द तिला हवा होता.

पत्रकार परिषद पॅव्हिलियनच्या लांब खोलीत होती. वाटेत जुन्या खेळाडूंच्या तसबिरी लावलेल्या होत्या. दादाच्या तसबिरीच्या जागी भिंतीचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता. नवऱ्याने तिकडे बघितलं नाही, तिनेही नाही.

नवरा पाठ केल्यासारखं बोलला. दादांचा मी आदर करतो, पण खेळ सुटल्यावर काहींना करमत नाही, असं म्हणाला. मग एका पत्रकाराने तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय सांगाल? तुमच्या भावाचं म्हणणं खोटं आहे का?"

खोटं हा शब्द ती उच्चारणार नव्हती. तसं तिने घरून ठरवून आणलं होतं. "मी स्वतः तपासलेत त्यांचे डोळे," ती म्हणाली. "चांगले आहेत."

"म्हणजे खोटं आहे."

नवऱ्याचा हात टेबलाखाली तिच्या हातावर आला. "हो," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी दादाचा रेडिओवरचा कार्यक्रम बंद झाला. खोटं बोलणाऱ्याला कोण माईक देणार? नेटमध्येही त्याला येऊ नका असं दारावरच्या माणसाकरवी कळवण्यात आलं. ज्याला दादानेच क्लबात चिकटवलं होतं, तोच तो दारावरचा माणूस.

ती दादाकडे गेली तेव्हा वहिनीने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत निघून गेली. दादा खिडकीशी बसला होता. नुसताच बसला होता, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"तुला मी काय सांगितलं होतं?" तीच आधी फणकारली, कारण दुसरं काय बोलावं ते सुचेना. "एकट्याला गाठ म्हटलं होतं. तुला माईक दिसला की राहवत नाही!"

"नाही राहवत," दादा म्हणाला. "तेही आहेच त्यात. मी नाही म्हणत नाही."

तिला वाटलं होतं तो भांडेल. भांडणाची सगळी तयारी तिने वाटेत केली होती.

"तू बरोबर केलंस, चिमणे. तुला त्या घरात राहायचंय." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "पण आता परत येऊ नकोस काही दिवस. तुझ्या वहिनीला जमायचं नाही. आणि मलाही जरा..." पुढचं त्याने बोलायचं सोडून दिलं.

घरी मात्र सगळं पूर्ववत झाल्यासारखं वाटत होतं. नवरा पुन्हा दुकानात यायला लागला. पुन्हा भांडी विसळायला लागला, दोन कप फोडले, आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत. शताब्दीचा सामना आठवड्यावर आला तेव्हा संघ जाहीर झाला. त्यात मालकांचं नाव नव्हतं.

तो तडक क्लबात गेला. ती दुकानाला सुट्टी टाकून बरोबर गेली. त्यानेच ये म्हटलं होतं.

सेक्रेटरींनी दोघांना चहा मागवला. "मालक, निवड धावांवर होते. या हंगामात तुमच्या धावा किती झाल्या, तुम्हीच बघा. डोळ्यांचं कारण असतं तर गोष्ट निराळी होती. सन्मानाने निरोप दिला असता, लोकांना सांगितलं असतं. पण डोळे तर ठणठणीत आहेत. तुम्हीच सांगितलंत. ताईंनीही सांगितलं."

नवऱ्याला हे समजायला थोडा वेळ लागला. तिला लगेच समजलं, आणि हातातला कप तिने बशीत ठेवला तेव्हा त्याचा आवाज झाला.

"आणि प्रशिक्षकाचं?" त्याने विचारलं.

सेक्रेटरी उठले, त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आता आपल्या आपल्यात बोलतो. प्रशिक्षकाला नेटमधला चेंडू दिसायला नको का, मालक? आम्हाला काय माहीत नव्हतं? हंगामाच्या सुरुवातीपासून माहीत होतं."

"मग आम्हाला तिथे बसवलंत कशाला?" ती म्हणाली.

"दादांसाठी," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. पाण्याची टाकी का धुतली ते सांगावं, तसं सांगत होते. "दहा वर्षं आम्हाला नको नको करून सोडलं त्या माणसाने. त्यांना गप्प करणारं दुसरं कोण होतं?"

जिन्यावरून उतरताना नवरा कठड्याला धरून उतरत होता. शेवटची पायरी आहे असं समजून त्याने पाय टाकला, ती नव्हती, आणि तो हिसका बसून थांबला. तिने हात पुढे केला. "असू दे," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. काहीच नव्हतं.

दादाला सांगू या, असं ती घरी म्हणाली. आपण चुकलो, म्हणू या. जाहीर सांगू या सगळ्यांना. "कुणाला?" नवऱ्याने विचारलं. "आता ऐकणार कोण? आधी खोटं बोललेली माणसं आपण." ती वर्तमानपत्राच्या कचेरीत एकटी गेलीसुद्धा. तिथल्या माणसाने सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं नक्की कोणतं खरं धरायचं?"

शताब्दीचा सामना झाला. पोस्टर पावसावाऱ्याने फाटून गेली. नवऱ्याच्या डाव्या डोळ्यातला करडा डाग मधून पसरत कडेपर्यंत गेला आणि कायमचा बसला, आणि उजव्याने तो गोदामात माल मोजत राहिला.

पुढच्या हंगामात एका सुट्टीच्या दिवशी नवरा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेला आणि जेवायची वेळ झाली तरी आला नाही. कुठे असेल ते तिला माहीत होतं. मैदानाच्या पूर्वेला तारेचं कुंपण आहे आणि कुंपणालगत रस्ता. तिकीट न काढता बघणारे तिथे उभे असतात. ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पोचली तेव्हा तो तिला दिसला. तारेत बोटं अडकवून उभा होता. आणि त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर, त्याच कुंपणाला, दादा उभा होता. हातात भाजीची पिशवी. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं होतं, हे त्यांच्या माना दोन दिशांना वळलेल्या होत्या त्यावरून कळत होतं.

तेवढ्यात चेंडू कुंपणावरून आला आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला गवतात पडला. आतून नवा एक खेळाडू धावत तारेपाशी आला.

"ओ काका, बॉल द्या ना!"

नवरा वळला. समोर बघितलं, मागे बघितलं, वाकून उजवीकडचं गवत चाचपलं. "कुठे पडला रे?" त्याने विचारलं. "अहो, तिथेच आहे की!" खेळाडू ओरडला. नवरा पुन्हा वाकला. मागचे दोघंचौघं हसले.

दादाने पिशवी खाली ठेवली. चालत आला, चेंडू उचलला. क्षणभर त्याची बोटं शिवणीवर फिरली. मग त्याने तो कुंपणावरून आत टाकला आणि नवऱ्याकडे न बघता परत गेला. पिशवी उचलली आणि रस्त्याने घराकडे चालू लागला.

नवरा अजून वाकलेलाच होता. चेंडू आत गेला, हे त्याला मैदानातल्या खेळाडूंच्या टाळ्यांवरून कळलं असावं. तो सावकाश सरळ झाला, हात झाडले, आणि पुन्हा तारेपाशी जाऊन उभा राहिला. ती रस्ता ओलांडून गेली आणि त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. ती आली आहे हे त्याला बराच वेळ समजलं नाही. तिनेही सांगितलं नाही.